पाकिटातून बटव्यात : बार्बरा कॅसल यांच्याविषयी

कामगार कायद्याच्या अभ्यासवर्गात तास संपता संपता एका विद्यार्थिनीने चिठ्ठी सरकवली. तिच्यात दोन प्रश्न होते. ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा बार्बरा कॅसल यांनी आणला, तर तिथल्या कामगार संघटना त्यांच्यावर एवढ्या का उखडल्या होत्या? आणि इतकी कर्तबगार बाई पंतप्रधान का झाली नाही? मी घड्याळाकडे बघत दोन मिनिटांत काहीतरी सांगितलं आणि घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडले. तीस वर्षं कामगार न्यायालयात उभी राहिले, त्यातली निम्मी बायकांच्या पगाराच्या आणि ग्रेडच्या भांडणांत गेली. या विषयावर तरी मी घाईत बोलायला नको होतं. म्हणून आता निवांत लिहिते.

आधी थोडक्यात. कॅसलबाई साठ-सत्तरच्या दशकांतल्या ब्रिटिश मंत्री, कामगारांच्याच लेबर पक्षातल्या, त्यातही डाव्या गटातल्या. पण त्यांना एक खोड होती. घोषणा झाली की इतरांना काम झाल्यासारखं वाटायचं, यांचं तिथून सुरू व्हायचं. पैसा नेमका कुणाच्या हातात पडणार? कुठल्या तारखेपासून? मोजणार कोण, कशाशी तुलना करून? या खोडीतून त्यांनी बरंच काही मिळवलं आणि याच खोडीपायी आपली माणसं दुखावली. अधूनमधून त्यांची स्वतःचीही नजर चुकली, तेही सांगते.

सुरुवात डॅगनमपासून करू, कारण ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण अर्धवट. ७ जून १९६८ रोजी लंडनजवळच्या डॅगनमला फोर्डच्या कारखान्यातल्या १८७ शिलाई कामगार स्त्रियांनी मशीन बंद केलं. त्या गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. कव्हर नाही म्हणजे सीट नाही, सीट नाही म्हणजे गाडी दाराबाहेर जात नाही. तीन आठवड्यांत कंपनी जेरीला आली. लोक म्हणतात, हा समान वेतनाचा संप. तो तसा सुरू झाला नव्हता. आदल्या वर्षी फोर्डने कामांचं मूल्यमापन करून नवे ग्रेड लावले होते आणि या बायकांना 'बी' ग्रेडमध्ये, म्हणजे जवळपास अकुशल कामात टाकलं होतं. नोकरीवर घेताना शिलाईची चाचणी घ्यायची आणि ग्रेड देताना कौशल्य नाही म्हणायचं, हा त्यांचा राग होता. त्यांना 'सी' ग्रेड हवा होता. त्यावर आणखी एक कात्री होतीच : ज्या ग्रेडमध्ये टाकलं, त्यातल्या पुरुषाच्या दराच्या ८५ टक्केच बाईला.

म्हणजे तक्रारी दोन. पहिली, माझ्या कामाला काय नाव दिलंय. दुसरी, त्या नावाखाली पुरुषाला किती आणि मला किती. कॅसलबाई तेव्हा नुकत्याच रोजगार खात्याच्या मंत्री झाल्या होत्या. जूनअखेर त्यांनी संपातल्या स्त्रियांना कार्यालयात बोलावलं, चहा मागवला, छायाचित्रकारांना आत घेतलं, आणि तडजोड झाली : पुरुषांच्या दराच्या ९२ टक्के. दुसरी तक्रार बरीचशी सुटली. पहिली टेबलावर तशीच राहिली. ग्रेडचं प्रकरण चौकशीकडे गेलं आणि तिथेच विरलं. त्या कारखान्यातल्या स्त्रियांना 'सी' ग्रेड मिळाला १९८४ साली, पुन्हा एकदा संप करून. मधे सोळा वर्षं गेली.

हे मी मुद्दाम आधी सांगितलं. माझ्या कामात दुसऱ्या तक्रारीपेक्षा पहिली फार वेळा येते. ठाण्याकडच्या एका तयार कपड्यांच्या कारखान्यात आम्ही मस्टर मागवलं होतं. पुरुष सगळे 'ऑपरेटर', बायका सगळ्या 'हेल्पर'. व्यवस्थापकांचं म्हणणं, बायका फक्त धागे कापतात. जेवणाच्या सुट्टीनंतर आत जाऊन पाहिलं तर तीन नंबरच्या लाइनीत चौघीजणी कॉलर बसवत होत्या. शर्ट शिवलेल्या कुणालाही विचारा, कॉलरइतकं कटकटीचं काम त्यात दुसरं नाही. टोकं दोन्हीकडे सारखी आली पाहिजेत, आतला कडक थर सुरकुतता कामा नये. कागदावर त्या चौघी धागे कापत होत्या. शेवटी समझोता झाला, ग्रेड एक पायरी वर, थकबाकी मात्र सोडून द्यावी लागली. डॅगनमच्या बायकांचं ९२ टक्क्यांचं दुखणं मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही.

आता मागे जाऊ. बार्बरा बेट्स यांचा जन्म ६ ऑक्टोबर १९१० चा, डर्बीशरमधल्या चेस्टरफील्डचा. वाढल्या यॉर्कशरमध्ये, पाँटीफ्रॅक्ट आणि ब्रॅडफर्डला. वडील प्राप्तिकर खात्यात निरीक्षक. सरकारी नोकर म्हणून उघड राजकारण बंद, पण मनाने पक्के समाजवादी, आणि ब्रॅडफर्डच्या एका समाजवादी साप्ताहिकाचं संपादन करायचे. आई खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी सूप शिजवून वाटायची. करनिरीक्षकाची मुलगी होती हे पुढे लक्षात ठेवा, कारण कराची सवलत आणि रोख भत्ता यातला फरक तिला कुणी शिकवावा लागला नाही.

ऑक्सफर्डला सेंट ह्यूज कॉलेजात गेल्या. तिथून तिसऱ्या श्रेणीची पदवी घेऊन निघाल्या, कारण वेळ सगळा लेबर क्लबात. मंदीच्या काळात मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात साखरेत मुरवलेली फळं विकण्याची नोकरी केली. तिथे पगार आणि वागणूक दोन्हींचा अनुभव मिळाला. पत्रकार विल्यम मेलर यांच्याशी त्यांचं दीर्घकाळ नातं होतं, ते विवाहित होते, १९४२ साली वारले. १९३७ पासून 'ट्रिब्यून' या डाव्या साप्ताहिकात मायकेल फुट यांच्या जोडीने लिहीत होत्या. १९४४ मध्ये टेड कॅसल या पत्रकाराशी लग्न केलं. मूल झालं नाही, त्याची खंत त्यांनी लपवली नाही.

१९४५ ला ब्लॅकबर्नची उमेदवारी मिळाली, त्यातही एक गंमत आहे. उमेदवारांच्या यादीत एकही बाई नाही म्हणून तिथल्या पक्षातल्या स्त्रिया अडून बसल्या. चहा करायला आणि पत्रकं वाटायला आम्ही, मग यादीत बाई का नाही, असा त्यांचा सवाल. नाव आलं, उमेदवारी मिळाली, निवडूनही आल्या आणि पुढे ३४ वर्षं तिथूनच निवडून येत राहिल्या. ब्लॅकबर्न आपल्याला एका वेगळ्या अर्थाने जवळचं. आपल्या पणजोबांच्या पिढीची विलायती धोतरं मोठ्या संख्येने तिथल्याच मागांवर विणली जायची. त्या लँकशरच्या विणाईत नगावर दर ठरलेला असे आणि तो बाईला वेगळा, पुरुषाला वेगळा असा नसे. बाकी देशात जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं, ते कॅसलबाईंच्या मतदारांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालू होतं. हा धागा त्यांच्या चरित्रांमध्ये फारसा ओढला जात नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो.

लढाऊपणा सुरुवातीपासूनचा. केनियात होला इथल्या छावणीत मार्च १९५९ मध्ये ११ कैदी मारहाणीत मेले आणि अधिकाऱ्यांनी आधी पाणी पिऊन मेल्याचं भासवलं. तेव्हा संसदेत सरकारला सुखाने बसू न देणाऱ्यांत त्या होत्या. स्वतःच्या देशाच्या वसाहतीतल्या पापाबद्दल बोलण्याने मतं मिळत नाहीत, गेली तर जातात. त्या बोलत राहिल्या. आणि त्याच बाईने १९६३ साली खाजगी विधेयक आणून कायदा करून घेतला तो सार्वजनिक शौचालयांच्या दारावरचे फिरते अडसर काढण्याचा. पैसे टाकल्यावर फिरणाऱ्या त्या लोखंडी चक्रातून गरोदर बाई, कडेवर पोर घेतलेली बाई, हातात पिशव्या असलेली बाई जाणार कशी? होलाचे कैदी आणि शौचालयाचा अडसर, दोन्हींना एकाच गांभीर्याने भिडणारे राजकारणी मी फार पाहिले नाहीत.

१९६४ मध्ये लेबर पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी नव्याने काढलेलं परदेशी विकास खातं त्यांना देऊन मंत्रिमंडळात घेतलं. ब्रिटिश मंत्रिमंडळात बसलेली ही चौथी बाई. १९६५ च्या डिसेंबरात वाहतूक खातं आलं. यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि वर्तमानपत्रांना तेवढं पुरेसं होतं. १९६६ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,९८५ माणसं मेली होती. शांततेच्या काळातला तो उच्चांक. दारू पिऊन गाडी चालवू नये हे सगळ्यांना मान्य होतं, कायद्यातही होतं. अडचण एवढीच की प्यायलेला म्हणजे किती प्यायलेला, हे पोलिसाच्या मतावर आणि डॉक्टरच्या साक्षीवर ठरे, आणि बरेच आरोपी सुटत. १९६७ च्या कायद्याने आकडा घातला : १०० मिलिलीटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल. रस्त्यावर फुंकायची नळी आली. ऑक्टोबर १९६७ पासून अंमल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षात अकराशेहून अधिक जीव वाचले. पबमालकांनी शिव्या घातल्या, धमकीची पत्रं आली, रेडिओवरच्या मुलाखतीत एकाने तोंडावर विचारलं की तुम्ही बाई, त्यातून गाडी चालवत नाही, तुम्हाला यातलं काय कळतं. तासाला ७० मैलांची वेगमर्यादा आधीच्या मंत्र्यांनी तात्पुरती आणली होती, ती यांनी कायम केली. नव्या गाड्यांना पुढच्या सीटसाठी पट्टे सक्तीचे केले. रेल्वेचे तोट्यातले पण गरजेचे मार्ग सरकारी अनुदानावर चालवायची तरतूद १९६८ च्या कायद्यात आली. मात्र हेही सांगायला हवं की मार्ग बंद करण्याचं आधीचं सत्र त्यांच्याही काळात थांबलं नाही, बरेच मार्ग त्यांच्या सहीने बंद झाले. आज ब्लॅकबर्नच्या वळणरस्त्याला त्यांचं नाव आहे. गाडी न चालवणाऱ्या बाईच्या नावाचा रस्ता!

आता चिठ्ठीतल्या पहिल्या प्रश्नाकडे.

एप्रिल १९६८ मध्ये रोजगार आणि उत्पादकता खातं मिळालं, वर 'फर्स्ट सेक्रेटरी ऑफ स्टेट' हा मानाचा हुद्दा. त्याच वर्षी कामगार संघटनांचा अभ्यास करणाऱ्या डोनोव्हन आयोगाचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की देशातले ९५ टक्के संप अनधिकृत आहेत, म्हणजे युनियनच्या वरच्या कचेरीच्या परवानगीशिवाय कारखान्याच्या पातळीवर पेटलेले. आयोगाचं मत पडलं की कायद्याचा बडगा नको, वाटाघाटीची पद्धत सुधारा. कॅसलबाईंना ते पटलं नाही. जानेवारी १९६९ मध्ये त्यांची श्वेतपत्रिका आली : 'इन प्लेस ऑफ स्ट्राइफ', कलहाच्या जागी.

ती मी एका वकिलाच्या नजरेने वाचली आहे. निम्म्याहून अधिक भाग कामगारांच्या बाजूचा आहे. युनियनमध्ये जायचा हक्क, अन्याय्य बडतर्फीपासून संरक्षण, युनियनला मान्यता द्यायला मालकाला भाग पाडणं, हे सगळं तिच्यात आहे. भांडण पेटलं ते उरलेल्या तीन कलमांवर. अनधिकृत संपात मंत्री २८ दिवस थांबायचा आदेश देऊ शकेल. मोठ्या संपाआधी सभासदांचं मतदान घ्यायला लावू शकेल. दोन युनियनच्या आपसातल्या भांडणात सरकार निवाडा लादू शकेल. मोडलं तर दंड. युनियनवाल्यांना त्या दंडामागे तुरुंगाचं दार दिसलं, आणि त्यांचा इतिहास पाहता ते दिसणं स्वाभाविक होतं.

आपल्याकडच्या वाचकाला यात एवढं काय, असं वाटेल. युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांबद्दलचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, ज्याला आम्ही कोर्टात 'एमआरटीयू-पल्प' म्हणतो, त्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि मान्यताप्राप्त युनियन असेल तर आधी सभासदांच्या बहुमताची संमती. नाहीतर संप बेकायदा. जे कॅसलबाईंना लंडनमध्ये जमलं नाही, त्याच्या जवळपासचं मुंबईच्या विधिमंडळाने दोन वर्षांत करून टाकलं. त्याने संप थांबले का, हे गिरणगावात राहिलेल्या कुणालाही विचारा.

बाईंचं चुकलं कुठे, तर माझ्या मते दोन ठिकाणी. एक म्हणजे घाई. आयोगाने शिफारस केली नव्हती ती कलमं पुढे करून त्यांनी लगेच छोटं विधेयक आणायचं ठरवलं, आणि त्यात गोड भाग कमी, कडू भाग जास्त राहिला. दुसरं, हिशेबच चुकला. लेबर पक्षाचा पैसा युनियनकडून यायचा, अनेक खासदारांचा निवडणूक खर्च युनियन उचलायच्या. त्यांच्याच मतांवर त्यांच्याच विरुद्ध कायदा कसा होणार? गृहमंत्री जेम्स कॅलहॅन हे पक्षाचे खजिनदारही होते. मार्च १९६९ मध्ये पक्षाच्या कार्यकारिणीत त्यांनी आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध हात वर केला. एकेक सहकारी गळत गेला. जूनमध्ये अशी वेळ आली की मंत्रिमंडळात विल्सन आणि कॅसल दोघंच एका बाजूला उरले. १८ जूनला ट्रेड युनियन काँग्रेस या युनियनांच्या महासंघाकडून 'गंभीर आणि बंधनकारक' असं एक आश्वासन घेऊन विधेयक मागे घेतलं. त्या आश्वासनाची चेष्टा होत राहिली. पुढे विरोधी हुजूर पक्षाच्या हीथ सरकारने १९७१ मध्ये याहून कडक कायदा आणला, तो चालला नाही. थॅचर सरकारने १९८४ मध्ये संपापूर्वी गुप्त मतदान घालून दिलं, तेव्हा युनियनची ताकद ओसरू लागली होती. १९६९ चंच घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर काही युनियनवालेही म्हणू लागले. नंतर म्हणणं सोपं.

आणि या पराभवाच्या राखेतूनच समान वेतनाचा कायदा आला, हे विसरू नये. १९६९ च्या पक्ष अधिवेशनात त्यांनी तो जाहीर केला. सरकारची मुदत संपत आली होती, कामगारांपुढे चांगलं काहीतरी घेऊन जायचं होतं, डॅगनमची आठवण ताजी होती. २९ मे १९७० ला कायद्यावर राणीची मोहोर उठली. तीन आठवड्यांत निवडणूक झाली आणि लेबर हरलं. कायदा अगदी थोडक्यात वाचला.

त्यातली मेख तारखेत आहे. अंमल सुरू व्हायचा होता २९ डिसेंबर १९७५ पासून. साडेपाच वर्षांची मुदत मालकांना 'तयारीसाठी'. आता तयारी म्हणजे काय, हे मी सांगू शकते. जिथे स्त्री-पुरुष एकच काम करतात तिथून एकाला हलवायचं. हुद्द्यांची नावं बदलायची. सगळ्यात खालचा ग्रेड असा आखायचा की त्यात बायकाच राहतील. कायद्यात तुलना दोनच प्रकारे करता येत होती : काम तेच किंवा साधारण त्याच स्वरूपाचं असेल तर, किंवा मालकाने मूल्यमापन करून दोन कामं समान ठरवली असतील तर. मालकाने मूल्यमापन केलंच नाही, आणि शेजारी पुरुष कामाला नाहीच, तर बाईने बोट दाखवायचं कुणाकडे? तरी आकडा हलला. पुरुषांच्या तासाच्या कमाईच्या सुमारे ६३ टक्के स्त्रियांची कमाई होती, ती सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ७५ च्या घरात गेली. ज्यांनी ग्रेडची भांडणं लढवलीत त्यांना कळेल की सात-आठ वर्षांत बारा टक्के ही लहान गोष्ट नाही.

आपल्याकडे समान वेतन कायदा आला १९७६ मध्ये, त्याआधी १९७५ चा अध्यादेश. त्यातली 'तेच किंवा तत्सम स्वरूपाचं काम' ही शब्दरचना ब्रिटिश कायद्याच्या घरातली. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी खटल्यात जहाज कंपनीने म्हटलं की स्त्री लघुलेखिका साहेबांच्या खास कामाला आहेत, त्या हुद्द्यावर पुरुषच नाहीत, तर तुलना कसली? शिवाय युनियनशी रीतसर करार झालाय आणि कंपनीची परिस्थितीही बेताची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये तिन्ही सबबी फेटाळल्या. मी शिकवताना त्यातली मधली सबब फळ्यावर लिहिते. बायकांना कमी पगार देणाऱ्या करारावर युनियनची सही होती! डॅगनमच्या बायकांनाही सुरुवातीला स्वतःच्या युनियनशी झगडावं लागलं होतंच.

१९७४ ला लेबर पुन्हा सत्तेत आलं आणि त्यांना आरोग्य आणि सामाजिक सुरक्षा खातं मिळालं. सरकारी रुग्णालयांतल्या पैसेवाल्यांच्या खाटा काढून टाकण्यावरून डॉक्टरांशी त्यांचं जे रणकंदन झालं त्यात मी शिरत नाही. त्या भांडणात मला दोन्ही बाजूंचा हट्ट दिसतो. मला त्यांचं सर्वात मोठं काम वाटतं ते १९७५ च्या बालभत्ता कायद्याचं. समान वेतनाच्या कायद्यापेक्षाही मोठं, असं म्हटलं की माझे सहकारी भुवया उंचावतात.

आधीची व्यवस्था अशी. एलिनॉर रॅथबोन या खासदारबाईंच्या आयुष्यभराच्या खटपटीने १९४५ साली कुटुंबभत्ता आला होता, तोही आईच्या हातात देण्याचं त्यांनी भांडून घेतलं होतं. पण तो दुसऱ्या मुलापासून. त्याच्या जोडीला मुलांपोटी बापाला प्राप्तिकरात सवलत मिळे. ज्याचा पगार मोठा, कर जास्त, त्याला सवलतीचा फायदा जास्त, आणि ज्याचा पगार कर भरण्याइतकाही नाही त्याला शून्य. कॅसलबाईंनी दोन्ही मोडून एकच रोख भत्ता केला. पहिल्या मुलापासून, प्रत्येक मुलामागे, आईच्या नावे, पोस्टातून. तिकडे याला 'वॉलेटमधून पर्समध्ये' म्हणत. आपण म्हणू, नवऱ्याच्या पाकिटातून बायकोच्या बटव्यात. घरात येणारी एकूण रक्कम फारशी न बदलताही ती कुणाच्या हातात येते यावर पोराच्या पायातले बूट ठरतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही बचतगटातली बाई सांगेल.

पण पाकिटातून गेलेला पैसा पगाराच्या चिठ्ठीवर दिसतो. कर वाढलेला दिसतो. १९७६ च्या मार्चमध्ये विल्सन यांनी राजीनामा दिला, ५ एप्रिलला कॅलहॅन पंतप्रधान झाले आणि तीनच दिवसांत त्यांनी कॅसलबाईंना काढून टाकलं. कारण दिलं, मंत्रिमंडळाचं सरासरी वय कमी करायचंय. बाई ६५ वर्षांच्या, कॅलहॅन स्वतः ६४. मग सुरुवात स्वतःपासूनच का नाही करत, हे उत्तर त्या क्षणी सुचलं नाही, असं त्या नंतर हळहळून सांगत.

त्या गेल्या आणि मंत्रिमंडळाने बालभत्ता गुंडाळायला घेतला. पद्धत बघण्यासारखी होती. खासदारांना सांगितलं की युनियनचे पुरुष सभासद हातातला पगार कमी झालेला सहन करणार नाहीत. युनियनच्या नेत्यांना सांगितलं की खासदारांनाच ही योजना नकोय. जूनमध्ये मंत्रिमंडळाचे कागद फुटले आणि हा दुहेरी खेळ छापून आला. मागच्या बाकावरून कॅसलबाई तुटून पडल्या, गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्था होत्याच, आणि युनियनच्या बैठकांत बायकांनी पुरुषांना जाब विचारला. सरकारला माघार घ्यावी लागली. १९७७ पासून टप्प्याटप्प्याने योजना सुरू झाली आणि एप्रिल १९७९ मध्ये प्रत्येक मुलामागे आठवड्याला ४ पौंड आईला मिळू लागले.

त्याच वर्षांतली त्यांची एक चूकही सांगते. घरच्या अपंग माणसाची देखभाल करण्यासाठी नोकरी सोडणाऱ्याला भत्ता देण्याची तरतूद त्यांच्याच कारकिर्दीतली. पण नवऱ्यासोबत राहणाऱ्या विवाहित स्त्रीला तो मिळणार नव्हता. का? ती तशीही घरीच असते म्हणून. बटव्याचा एवढा विचार करणाऱ्या बाईच्या खात्यातून हे वाक्य बाहेर पडलं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ती तरतूद पडली १९८६ मध्ये, आईची शुश्रूषा करणाऱ्या एका विवाहित मुलीच्या खटल्यात, युरोपीय न्यायालयात. आणि समान वेतनाच्या कायद्यातलं भोक, मालकाने मूल्यमापन केलंच नाही तर काय, तेही त्याच न्यायालयाच्या १९८२ च्या निकालाने बुजलं. १ जानेवारी १९८४ पासून ब्रिटनमधली बाई 'समान मूल्याच्या' कामाशी तुलना करू लागली. पुढे जहाज बांधणीच्या गोदीतल्या एका स्वयंपाकिणीने आपल्या कामाची तुलना रंगारी आणि सुताराशी करून खटला जिंकला. डॅगनमचा 'सी' ग्रेड त्याच १९८४ चा. यातली गंमत अशी की १९७५ च्या सार्वमतात कॅसलबाई युरोपीय बाजारपेठेत राहण्याच्या कडव्या विरोधक होत्या. त्यांच्या दोन कायद्यांची डागडुजी त्यांनी नाकारलेल्या घरातून झाली. नंतर त्या स्वतः १९७९ ते १९८९ युरोपीय संसदेत खासदार होत्या, तिथेही शेतीच्या अनुदानांवरून कटकट करत राहिल्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता फार लांबत नाही. १९६८ च्या सुमाराला ब्रिटनची पहिली स्त्री पंतप्रधान म्हणून वर्तमानपत्रं त्यांच्याच नावाची चर्चा करत होती. तेव्हा लेबरचा नेता फक्त खासदार निवडत, आणि १९६९ नंतर युनियनच्या आधारावर उभे असलेले खासदार त्यांना मत देणं शक्य नव्हतं. बाई असणं आडवं आलं का? आलंच, पण एकटं ते कारण पुरत नाही. त्यांनी स्वतःचा गट कधी बांधला नाही, त्या विल्सन यांच्या भरवशावर राहिल्या. विल्सन गेले की आधार गेला. १९७५ मध्ये मार्गारेट थॅचर विरोधी पक्षाच्या नेत्या झाल्या, तेव्हा त्यांच्या राजकारणाचा तिटकारा असूनही कॅसलबाईंनी डायरीत त्यांच्या तेजाचं मोकळेपणाने कौतुक केलं आहे. त्या ओळी वाचताना आत कुठेतरी कळ गेली असणार, असं वाटत राहतं. हा माझा अंदाज.

म्हातारपणी त्यांनी एकच विषय धरला. १९७५ च्या सुमारास त्यांनी वृद्धांना सरकारकडून मिळणारी पेन्शन महागाई किंवा पगारवाढ यांतल्या जे जास्त असेल त्याला बांधली होती. थॅचर सरकारने १९८० मध्ये ती गाठ सोडली आणि पेन्शन फक्त महागाईला बांधली. टोनी ब्लेअर यांचं लेबर सरकार आल्यावर ती पुन्हा बांधली जाईल, असं त्यांना वाटलं होतं. उलट २००० साली पेन्शन वाढली आठवड्याला ७५ पेन्स. तेवढ्यात धड शेंगदाण्याची पुडी येत नव्हती. ८९ वर्षांच्या, दृष्टी जवळजवळ गेलेल्या कॅसलबाई त्या वर्षीच्या पक्ष अधिवेशनात व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि स्वतःच्याच पक्षाच्या अर्थमंत्र्यांना हिशेब मागितला. सभागृह उभं राहिलं, सरकार हललं नाही. ३ मे २००२ रोजी त्या गेल्या. पेन्शनची पगारवाढीशी गाठ पुन्हा बांधायचा कायदा २००७ मध्ये झाला आणि अंमलात आला तो २०११ मध्ये.